हलक्या नाळेचा गाडा

पनवेल-उरण पट्ट्यात 'ट्रेलर' हा शब्द न्हावा शेव्याकडे कंटेनर वाहून नेणाऱ्या अजस्र गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यामुळे पनवेलच्या कोळीवाड्यात दयाराम कोळी यांच्या अंगणात उभ्या असलेल्या दोन चाकी लोखंडी सांगाड्याला कोणीही ट्रेलर म्हणत नाही. तो 'गाडा'. त्याला स्वतःचे इंजिन नाही. पुढे लांब दांडी आहे. ती एखाद्या गाडीच्या मागे अडकवायची आणि वर होडी बांधून ओढून न्यायची.

खाडीतल्या जुन्या वाटा गाळाने भरत गेल्या, तशा लहान होड्या दुरुस्तीसाठी रस्त्याने नेण्याची वेळ येऊ लागली. दयारामांनी तेव्हा एक जुनी जीप घेतली, लोहाराकडून गाडा करवून घेतला आणि पुढली कित्येक वर्षे कोळीवाड्यातली प्रत्येक होडी त्यांच्यामागून आली-गेली. या कामाचे ते काही घेत नसत. त्यांना हवा असे तो मान. नवी होडी घरी आणायची तर पुढे दयाराम, हे ठरलेलेच होते. होडी दारात पोहोचली की जीपमधून उतरून ते दांडी हुकावरून सोडवत आणि भरल्या गाड्याची ती दांडी सर्वांसमक्ष एका हाताने उचलून धरत. बायका हसत, पुरुष शिट्ट्या मारत. हे दृश्य पाहिल्याचे सांगणारे इतके जण भेटतात, की त्याबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही.

शंका घ्यावी अशी गोष्ट वेगळी आहे: दांडी इतकी हलकी कशी असे? दयारामांचे उत्तर साधे होते. इंजिन, नांगर, जाळी, सगळे होडीच्या मागच्या टोकाला ठेवायचे. पाण्यावर होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, हलकी असेल तरच ती लाटेवर चढते. जड झाली तर लाटेत घुसते. जे पाण्यावर खरे ते रस्त्यावरही खरे असेलच का, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, आणि इतर कोणालाही पडला नाही, कारण तिथले सारेच होडीवर वाढलेले. शिवाय जीप वजनदार होती आणि चाल बैलगाडीची. चूक असली तरी ती उघडी पडण्याची संधीच मिळाली नाही.

दोन वर्षांपूर्वी जीपच्या कागदपत्रांची मुदत संपली, ती पुन्हा वाढेना, आणि जीप भंगारात गेली. गाडा तेवढा अंगणात राहिला. दयारामांच्या पत्नी गोदूबाई त्याच्यावर बोंबील सुकत घालू लागल्या. पतीला ते आवडत नसे.

अशात दयारामांचे धाकटे बंधू रामू यांनी करंजा बाजूच्या एका शेडमध्ये फायबरची नवी होडी बांधायला दिली. आईच्या नावावरून तिचे नाव 'भामाई' ठरले होते. आईच्या नावाची होडी घरी आणायची, म्हणजे मान आपलाच, असे दयारामांनी मनाशी धरले होते. जीप नसली म्हणून काय झाले, गाडी भाड्याने मिळते. एका संध्याकाळी रामू आले आणि ओटीवर बसले.

"दादूस, गाडा पायजे होता. रविवारी होडी आणाची हाय."

"मंग नेऊ की. गाडी कुनाची बोलवू?"

रामूंनी खाली पाहिले. "गाडी हाय. दीपेशची. त्यानं मागं हुक बसवून घेतलाय. तो ओढील."

दीपेश हा रामूंचा जावई, रुचिराचा नवरा. करंजाड्याला फ्लॅट, द्रोणागिरीला गोदामात नोकरी, आणि दारात नवी छोटी गाडी.

"म्हंजे गाडा माजा, होडी आयच्या नावाची, आनि पुढं जावय?"

"तुमी पन चला ना गाडीत."

"गाडीत! पाव्हना म्हनून?"

गोदूबाई आतून म्हणाल्या, "जा हो, एसी हाय गाडीला. तुमच्या जीपला दरवाजा पन नव्हता."

दयारामांनी गाडा दिला. नाही म्हणणे म्हणजे आईच्या होडीला नाही म्हणणे, हे त्यांना कळत होते. पण त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात दीपेशखेरीज विषय राहिला नाही. त्याची गाडी कशी टोपलीएवढी, त्याचे बूट कसे पांढरे, तो चहात साखर कशी घेत नाही. आदल्या दिवशी ते पत्नीला म्हणाले, "उद्या बघ, जावयाचा गाडा कुठवर येतो ते." हे वाक्य गोदूबाईंनी सांगितले. त्यात धमकी होती की नुसता जळफळाट, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी बायको हाय, वकील नाय."

रविवारी करंज्याच्या शेडमध्ये दीपेशने गाडा जोडायला जो वेळ घेतला, तो दयारामांच्या मते वेळ नव्हता, छळ होता. आधी त्याने गाड्याच्या टायरमधली हवा मोजली. मग दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवर फुली करून गाडीला अडकवल्या.

"हुक निसटला तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर पडेल, काका," तो म्हणाला.

"नवरी हाय का ती, पैंजन घालायला?" दयाराम म्हणाले. शेडमधले कामगार हसले.

मागचे दिवे लागतात का ते त्याने रामूंना पाठीमागे उभे करून पाहिले. शेवटी डिकीतून घरातला वजनकाटा काढला, ज्यावर माणूस उभा राहून स्वतःचे वजन पाहतो तो, आणि दांडीचे टोक त्यावर टेकवले.

"आता त्याला बीपीची गोळी पन द्या, जावय."

दीपेशही हसला. पण काटा वाचून त्याने इंजिनची पेटी आणि नांगर होडीच्या मागच्या टोकाकडून उचलवून नाळेकडे आणवले आणि पट्ट्यांनी करकचून बांधले. एकूण ओझ्याचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर आला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आता दांडी उचलायला दोन माणसे लागली. दयारामांनी ती आपल्या हाताने जोखून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. तो का उतरला, हे नेमके सांगता येते: पुढे राहण्याचा मान गेला होताच, पण कोळीवाड्यात पोहोचल्यावर दांडी उचलण्याचा क्षण तरी आपला राहील, असा त्यांचा हिशेब होता. त्या वजनाची दांडी एका हाताने उचलली जाणार नव्हती.

द्रोणागिरी ओलांडल्यावर चहासाठी गाडी एका टपरीवर थांबली. दीपेश हात धुवायला मागे गेला. जे घडले त्याबद्दल दोघा भावांच्या सांगण्यात फरक आहे. रामू म्हणतात, दादूसने सांगितले म्हणून मी पेटीला हात लावला. दयाराम म्हणतात, गाडीचा मागचा भाग दबला होता, तो मोकळा करायला हवा होता, आणि हे रामूलाही पटले. पट्ट्या सोडून दोघांनी पेटी आणि नांगर पुन्हा मागच्या टोकाला सरकवले आणि वरून ताडपत्री ओढली, याबद्दल मात्र दुमत नाही. दीपेशला त्यांनी सांगितले नाही, याबद्दलही नाही.

दयारामांनी घातपात केला, असे कोळीवाड्यात आज काही जण कुजबुजतात. ते पुराव्याला धरून नाही. घातपात करणारा माणूस त्याच गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसत नाही, आणि सख्ख्या भावाला मागे बसवत नाही. इंजिनची जागा मागेच, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मत्सराने त्यांना हात लावायला भाग पाडले, एवढेच.

गव्हाण फाट्याच्या पुढे पुलाचा उतार लागला. उतारावर वेग वाढला आणि त्याच वेळी उजवीकडून एक कंटेनर जोरात पुढे निघून गेला. त्याच्या वाऱ्याने गाडा किंचित बाजूला ओढला गेला, परतला, आणि दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त गेला. मागचे ओझे लोलकासारखे झुलू लागले. प्रत्येक झोक्याबरोबर लहान गाडीचा मागचा भाग फेकला जात होता.

"शेपूट हालवतंय! ब्रेक मार!" दयाराम ओरडले.

दीपेशने ब्रेक मारला नाही. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरले आणि झोक्याच्या उलट वळवण्याचा मोह टाळला. "आई एकवीरे!" एवढेच रामू म्हणत राहिले. वेग उतरला तसे झोके मंदावले आणि गाडा गपगुमान मागून चालू लागला. गाडी डाव्या कडेला थांबली.

दीपेश उतरला, मागे गेला, ताडपत्री वर केली. मग परत आला.

"पेटी कोणी हलवली?"

रामूंनी भावाकडे पाहिले. दयाराम गाडीतून उतरत म्हणाले, "मी. इंजिन मागंच असतंय."

"पाण्यात, काका," दीपेश म्हणाला. "पाण्यात."

तिघांनी मिळून पेटी पुन्हा नाळेकडे आणली. पट्ट्या या वेळी दयारामांनी बांधल्या, आणि बांधल्यावर दीपेशने त्या तपासल्या. हे तपासणे त्यांना अजून खुपते.

कोळीवाड्याच्या तोंडाशी लोक जमले होते. रुचिरा आरतीचे ताट घेऊन उभी होती. गाडी थांबताच कोणीतरी हाक दिली, "दयारामदादा, उचला! एका हातानं!" शिट्ट्या झाल्या. दीपेश गाडीच्या मागे उभा होता. पुलावर काय घडले ते त्याने नुसते सांगितले असते, तरी दयारामांचा मान तिथेच गेला असता. त्याने ते सांगितले नाही. दयारामांनी हुक सोडवला, दांडीला हात घातला, आणि क्षणभर तसेच वाकून राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "जावय, या इकडं. दुसरा हात लावा."

दोघांनी दांडी उचलली. लोकांना मजा कमी आली. एक म्हातारी म्हणालीच, "दयाराम थकला गं." आरती होडीची झाली, रामूंनी नारळ फोडला, आणि टाळ्या, जशा पडायच्या तशा, नव्या गाडीवाल्याला पडल्या. पुलावरची हकीकत कोळीवाड्यात पसरली ती नंतर, रामूंच्या तोंडून. दीपेशने ती सासऱ्यांच्या घरी काढलीच नाही. त्याने काढली असती तर भांडता तरी आले असते, असे दयाराम म्हणतात, आणि यात ते पूर्ण खरे बोलत असावेत.

आता गाडा अंगणातच असतो; तो दीपेशच्या सोसायटीत ठेवू द्यायला दयारामांनी साफ नकार दिला. होडी हलवायची तर दीपेशने गाडी घेऊन त्यांच्या दारात यायचे. येताना तो वजनकाटा आणतो. दयाराम काट्याकडे पाहत नाहीत, पण आकडा काय आला ते विचारतात. मग पुढच्या सीटवर बसतात. कामासाठी कोणी आले की होडी केवढी, जायचे कुठे, हे नंतर. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधी फोन कुनाला केलास? त्याला का मना, दयारामला?"

लोक "तुमालाच" म्हणतात. दीपेशनेच सर्वांना तसे करायला सांगून ठेवले आहे, हे एका भांडणात गोदूबाईंच्या तोंडून निघून गेले. त्या दिवशी दयाराम जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण होडीचे विचारायला आला, तेव्हा ते ओटीवर येऊन बसले, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.