मेंढ्या नाहीत आमच्याकडे

गंगाखेडच्या काशीनाथ मास्तरांच्या घरात वस्तूला मरायची परवानगी नव्हती. मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप देव्हाऱ्याशेजारी बसून पंचांग दाखवायचा. पाठ फुटलेला जुना मोबाईल रबरबँड बांधून रेडिओची नोकरी करायचा. रिटायर झाल्यापासून तर गल्लीतले लोक बंद पडलेलं काहीही घेऊन त्यांच्याकडेच येत, आणि मास्तरांना त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

राग होता तो महिन्याच्या महिन्याला पैसे कापणाऱ्या ॲपांवर. टीव्ही आपला, वीज आपली, आणि सिनेमा पाहायला पुन्हा भाडं? दिवाळीत एका ॲपनं न विचारता अख्ख्या वर्षाचे पैसे कापले तेव्हा मास्तरांचं टाळकं सरकलं. फोन घेऊन बसले आणि ऑटोपेच्या यादीत दिसेल ते बंद करत सुटले.

"अहो, बघून तरी बंद करा," हेमाकाकू म्हणाल्या.

"बघायचं काय त्यात? सगळे लुटायला बसलेत!"

त्या यादीत येडबाचा रिचार्ज होता.

येडबा राणीसावरगावचा मेंढपाळ, मास्तरांच्या पहिल्या शाळेतला विद्यार्थी. तिसरीत त्याची शाळा सुटली, मास्तर सुटले नाहीत. त्याचा बटणांचा फोन मास्तरांनी तीन बॅटऱ्या बदलून जगवला होता. रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला रिचार्ज कुठून आठवणार, म्हणून तो आपल्या खात्यातून आपोआप व्हावा अशी सोयही त्यांनीच केली होती. गावात आला की येडबा हेमाकाकूंच्या हातचा चहा पिऊन जायचा. वीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

येडबाला फोन लावता येत नसे, फक्त घेता येई. त्याचं तेवढ्यावर भागत होतं. उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की शेतकरी त्याला फोन करून बोलावून घेत. रात्री कळप रानात बसायचा, लेंड्यांचं खत शेताला आणि जोंधळा येडबाला. पण बोलावल्याशिवाय कुणाच्या बांधाशी जायचं नाही, हा त्याच्या बापाचा शिरस्ता होता आणि तो येडबानं मोडला नव्हता.

मृगाच्या तोंडावर येडबा फोन फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या दारात आला.

"मास्तर, ह्याला काय झालंय बगा. उजेड लागतोय, पन औंदा कुनाचाच फोन न्हाई आला. वालूरच्या रामकिशन पाटलांनी रान दुसऱ्या कळपाला दिलं. बाच्या टायमापासून आमी बसतोय तिथं! आमची कारभारीन बानू म्हनती, मागल्या साली मेंढरानं रोपं खाल्ली, त्याचा राग धरला असंल. मी महिनाभर फोन बाभळीला टांगून बसलो, रेंज यावी म्हनून."

"आता जिवंत करतो," म्हणत मास्तरांनी फोन उघडला. सिम खोडरबरानं पुसलं, बॅटरी बदलली आणि आपल्या मोबाईलवरून येडबाचा नंबर लावला. हातातला फोन गप्पच राहिला. कानाला लावलेल्या फोनमध्ये मात्र एक मुलगी वैतागून बोलली.

"मेंढ्या नाहीत हो आमच्याकडे! पुण्यात शिकते मी. नंबर घेतल्यापासून हेच चाललंय. ते वालूरचे काका तर तीनदा करून थकले. शेवटी म्हणाले, येडबानं मेंढरं विकली वाटतं."

दिवाळीची ती दुपार मास्तरांना लख्ख आठवली. रिचार्ज थांबला, नंबर बंद पडला, आणि कंपनीनं तो दुसऱ्याला देऊनही टाकला.

"कोन होतं?" येडबानं विचारलं.

"रॉंग नंबर. सिम गेलंय तुझं."

"चूक आमचीच हाय. वळवाच्या पावसात भिजवला मी. तुमी एवढं जपून दिलेलं, आन आमाला सांबाळता येईना."

मास्तरांना लाज वाटली. बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते "चल, नवं सिम घेऊ." स्टँडजवळच्या दुकानात येडबानं अंगठा दिला, आणि तासाभरात दोघं ओसरीवर परत आले. हेमाकाकूंनी चहा आणून ठेवला. जुन्या फोनमध्ये नवं सिम बसलं.

मास्तरांनी नंबर लावला. येडबाच्या हातात घंटी वाजली, तसा तो पोरासारखा हसला.

"वाजला! आता येतील बगा फोन."

हा नंबर जगात आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. येडबानं बटण दाबून फोन कानाला लावला आणि दोन हातांवर बसलेल्या मास्तरांना मोठ्यानं विचारलं, "हॅलो, कोन बोलतंय?"

तोंडावर जमलं नसतं. मास्तरांनी खाली बघत फोनमध्येच सांगितलं, "येडबा, फोन खराब नव्हता. तुझा रिचार्ज मीच बंद केला. रागाच्या भरात, न बघता. तुझा नंबर माझ्यामुळं गेला, आणि मघाशी मी खोटं बोललो. उद्या वालूरला जाऊन रामकिशन पाटलांना सगळं सांगतो."

येडबाचं हसू ओसरलं. त्यानं फोन कानावरून काढला. मग लाल बटण दाबलं, फोन फडक्यात गुंडाळला आणि उठला.

"आवाज साफ येतोय, मास्तर," तो म्हणाला. "समदं ऐकू आलं."

पायरीवरची काठी उचलून तो स्टँडकडे निघाला. मास्तरांसमोर त्याचा चहा तसाच भरलेला होता.