तपासणीचा शौक

कुणाला नाटकांचा शौक असतो, कुणाला जत्रांचा, कुणाला दुसऱ्यांच्या घरच्या भांडणांचा. माझ्या नणंदेच्या सासूबाईंना डॉक्टरकडून तपासून घेण्याचा शौक होता, आणि डहाणू-तलासरी भागातलं एकही आरोग्य शिबिर त्यांच्या हजेरीवाचून पार पडलं असेल असं मला वाटत नाही. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. काकी चिकूच्या वाडीवाल्या, खात्यापित्या घरच्या, आणि प्रकृती अशी की आजारच त्यांना बघून रस्ता बदलत असावेत. पण कुठे मांडव आणि पांढरा कोट दिसला, की काकी ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत पहिल्या. दातांच्या शिबिरात त्यांनी कवळी काढून डॉक्टरांच्या हातात दिली आणि ‘ही तुम्ही बघा, तोवर मी साखर तपासून येते’ म्हणून निघून गेल्या. वाडीवर गुरांना लस टोचायला डॉक्टर आले, तर त्यांच्याकडूनही स्वतःची नाडी बघवून घेतली. ‘शेळीपेक्षा माझी बरी चालते’ हा निकाल मग आम्हाला आठवडाभर ऐकावा लागला.

त्यात तोंडाला कुलूप नाही. बाकीच्या आम्ही बायका आपल्या देहाविषयी ‘इथे’, ‘तिथे’, ‘जरा वरती’ असं भूगोलात बोलायचो. काकी सरळ ‘थान’ म्हणायच्या, तेही एसटी स्टँडवर, समोर माझे सासरे उभे असताना. सासरे मग बराच वेळ डोळे बारीक करून गाड्यांच्या पाट्या वाचत राहायचे.

नोटाबंदी झाली त्या हिवाळ्यात जवळच्या कासा गावात बायकांच्या छातीच्या कॅन्सरची तपासणी करणारी मोठी गाडी आली, आत मॅमोग्राफीचं मशीन. सकाळीच काकींचा टेम्पो माझ्या दारात उभा राहिला. मागे माझी नणंद आणि वाडीवर चिकू तोडणाऱ्या चार-पाच जणी, सगळ्यांची तोंडं लग्नातून उचलून आणल्यासारखी.

“चल, चढ.”

“कुठे, काकी?”

“आधी चढ. मग विचार.”

कासाला गाडीपुढे उभ्या राहिल्यावर आमच्यातली एकही पाऊल उचलेना. मशीनपुढे उघडं व्हायचं, या कल्पनेनेच नणंदेला एकाएकी घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. काकी आमच्याकडे बघून ‘हट्!’ म्हणाल्या आणि पायऱ्या चढून आत गेल्या. मग आतून जे ऐकू आलं ते अख्ख्या बाजाराने ऐकलं. मशीनवरची मुलगी म्हणाली, “काकी, श्वास रोखा.” काकी म्हणाल्या, “तू माझं सोड, मग रोखते!” आणि पाठोपाठ, “अगो, हे तर पुरी दाबायचं यंत्र! पोरी, इथे आता पुरी नाय होणार, पापड कर!”

बाहेर आमच्या बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. काकी लुगडं सावरत उतरल्या आणि दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून प्रात्यक्षिक दाखवलं. “जरा चेमटतं, दुखतंही. पण ती मुलगी इतक्या मानाने उचलून ठेवते, की नवऱ्याने जन्मात तेवढा मान दिला नाय.” त्यानंतर रांग आपोआप लागली. मीही गेले.

काही दिवसांनी निकाल कळले. काकी ठणठणीत. वाडीवरच्या सगळ्या जणी ठणठणीत. माझ्यात मात्र गाठ दिसली होती, म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पुढच्या तपासणीसाठी बोलावलं होतं. काकींना आधी अपमानच वाटला. “इतकी वर्षं शिबिरं मी केली, आणि निघालं हिच्यात!” एवढं बोलून त्या घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन लुगडी आणि सुकवलेले चिकू घेऊन हजर झाल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “तू तुझी नोकरी बघ. बायकांच्या वॉर्डात तुझं काय काम?”

सुई घालून तपासलं, आणि गाठ कॅन्सरचीच निघाली. लहान होती, वेळेवर सापडली होती. काकींनी सर्जनची उलटतपासणी घेतली. “काढायचं तर नीट काढा.” ते म्हणाले, “फक्त गाठ काढू काकी, बाकी सगळं राहील.” “मग दोन्हीकडचं माप सारखं ठेवा हो. नायतर शिंप्याकडे खेटे मलाच घालायला लागतील.” सर्जन हसू दाबत फाइलीत बघायला लागले. ऑपरेशनच्या सकाळी मला न्यायला आले. मी म्हटलं, “काकी, भीती वाटते.” त्या म्हणाल्या, “वाटू दे. ती बसेल इथे माझ्याजवळ, तू आत जा.”

गाठ निघाली, मग रेडिएशनचे शेक झाले, गोळ्या सुरू झाल्या. दर वर्षी तपासणीला काकी बरोबर यायच्या आणि वेटिंग हॉलमधल्या बायकांची लग्नं, बाळंतपणं, सुना सगळं विचारून घ्यायच्या. दोन हजार एकोणीसच्या तपासणीतही काही निघालं नाही. परतताना चारोटी नाक्यावर उतरून आम्ही डहाणूच्या जीपची वाट बघत चहा घेत होतो. मी सहज विचारलं, “काकी, कासाला नेलंत त्या दिवशी मला आधी सांगायचं तरी, कुठे नेताय ते.”

त्यांनी बशी खाली ठेवली.

“माझी धाकटी बहीण होती, उधव्याला दिलेली. माहेरी आली की पदर असा घट्ट लपेटून बसायची. मी विचारायचे, काय होतंय का गं? ‘काय नाय,’ म्हणायची. लाजायची गो. दर वेळी विचारायचे, दर वेळी ‘काय नाय.’ शेवटी तिला अंघोळ घालायला मीच होते, तेव्हा दिसलं.”

हायवेवरून एकामागून एक ट्रक जात होते. काकींनी बशी उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

“म्हणून तुला विचारलं नाय,” त्या म्हणाल्या. “विचारलं असतं तर तूही तेच म्हणाली असतीस.”

जीप आली, भरली आणि निघून गेली. आम्ही दोघी बाकावरून उठलोच नाही.