प्राजक्ताचा पेशंट

प्राजक्ता माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं मला गरोदर बाई केलं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, पोटावर उशी बांधली, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला नववा महिना आहे. सकाळपासून बाळ हलून नाही राहिलं. सांगा, काय होतंय?"

मी छापखान्यात जन्मभर कागदाचे गठ्ठे उचललेला म्हातारा. शिक्षण सातवी. म्हटलं, "मला भूक लागलीय."

"बाप्पा! असा पेशंट मिळाला तर माझी जागा गेलीच म्हणायची."

माझी बायको सुशीला गेल्यावर ब्रॅकनेलच्या लेकीनं ठरवलं की बाबा इथं इंग्लंडात, वॉटफर्डच्या घरात एकटे बसून कुजणार. तिनंच ही भाडेकरू शोधली. नागपूरची पोरगी, बायकांची डॉक्टर. हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात होती, पण हंगामी. ऑगस्टला काम संपणार. तिला हवी होती पक्की ट्रेनिंगची जागा, म्हणजे पुढं मोठी डॉक्टर होता येतं. आदल्या वर्षी तिची हुकली होती. दर वर्षी अर्ज करणारे वाढतात, जागा आहेत तेवढ्याच. आणि आता इथं शिकलेल्यांना आधी, बाहेरच्यांना मागून, असंही चाललंय म्हणाली. मी विचारलं, "मग तुझा नंबर कसा लागायचा?" ती म्हणाली, "काका, टेन्शन नाही घ्यायचं. घ्यायचा तर चहा घ्यायचा." चहा ती घ्यायची खरा, पण अर्धाच. उरलेला अर्धा कप जिन्यावर, खिडकीत, न्हाणीघरात, कुठंही. मी घरभर कप गोळा करत फिरायचो.

मुलाखत कॉम्प्युटरवर होणार होती. त्यात खोटा पेशंट, खोटा नातेवाईक असं काहीबाही असतं. त्याची तालीम माझ्यावर. एकदा मला रागावलेला नवरा केलं. बायकोचं ऑपरेशन लांबलंय, जाब विचारायचा.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, तुम्ही करताय ते बरोबरच असेल."

"काका, भांडा ना!"

"डॉक्टरशी कसं भांडायचं?"

"इथं भांडतात."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं. माझ्या आईनं कंपाउंडरलासुद्धा कधी उलट उत्तर दिलं नाही."

ती हसून हसून टेबलावर आडवी झाली. पण तिचीही तीच गत होती, हे तिला कळत नव्हतं. परीक्षक विचारतात, तुम्ही अवघड प्रसंग कसा हाताळला ते सांगा. ही सुरू व्हायची, "नागपूरला आमच्या मॅडम होत्या. बाईला फार रक्तस्राव झाला, पण मॅडमनी वाचवलं."

मी विचारलं, "मॅडमनी वाचवलं. आणि तू काय करत होतीस? दाराशी चपला राखत होतीस?"

"नाही. हात माझाच होता आत. मॅडम रस्त्यात होत्या, फोनवर सांगून राहिल्या होत्या."

"मग तसं सांग की! मी वाचवलं म्हण."

"असं कसं म्हणू? मॅडम काय म्हणतील?"

"अगं, मॅडम नागपुरात आहेत!"

"तरी पण, काका. त्यांनीच शिकवलं ना. आणि रक्ताच्या बाटल्यांसाठी धावल्या त्या सिस्टर. मी एकटीनं काय केलं?"

माझं डोकं फिरायचं. इथली पोरं मुलाखतीत आपण सूर्य उगवायला मदत केली म्हणून सांगतात. ही मात्र आपल्या हातानं केलेलं काम सगळ्यांना वाटून मोकळी. आपल्याकडं लहानपणी दामटून दामटून हेच तर शिकवतात, स्वतःची शेखी मिरवू नये. मग या देशात येऊन पोरींनी काय करायचं?

एकदा तिनं विषय काढला, वाईट बातमी सांगायची. बाई अचानक गेली, बाहेर नवरा बसलाय. तिनं घड्याळ लावलं, खुर्ची जवळ ओढली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. "काका, हे राहू द्या. दुसरं घेऊ."

मी म्हटलं, "परीक्षेत आलं तर त्यांना काय सांगशील, आमचे काका विधुर आहेत? कर."

सुशीला गेली तेव्हा मी हॉस्पिटलातून आंघोळीला म्हणून घरी आलो होतो. फोन आला. पलीकडची बाई चांगलं बोलत होती, पण मला पहिली दोन वाक्यंच ऐकू आली. मी 'थँक्यू' म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर सगळी कामं केली, माणसं आली गेली, पण रडू काही आलं नाही. लेकीला वाटलं बाबा दगड आहेत.

प्राजक्तानं माझ्याकडं बघून सांगितलं, साध्या मराठीत, घाई न करता. आम्ही खूप प्रयत्न केले, त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात, त्या खुर्चीवर, हुंदके देऊन रडलो. तिनं घड्याळ बंद केलं. पाणी दिलं नाही, पाठ थोपटली नाही, उगीच काही बोलली नाही. नुसती बसून राहिली. कॉम्प्युटरवरच्या परीक्षकांना हे कसं दिसणार होतं, देव जाणे. शेवटी मी नाक पुसलं आणि म्हटलं, "घड्याळ कशाला थांबवलंस? तुझा वेळ फुकट गेला."

"जाऊ द्या. फुकटच होता," ती म्हणाली.

मुलाखत झाली. खाली आली तेव्हा मी पहिलं विचारलं, "'मी' असं म्हणालीस का?"

"दोनदा म्हटलं."

"आणि मॅडम?"

"त्या पण आल्या थोड्या."

मी कपाळावर हात मारला.

निकाल लागला त्या दिवशी ती ड्यूटीवरून आली, बूट काढले, आणि कोट अंगावर तसाच ठेवून म्हणाली, "नाही झालं, काका." मी तयारच होतो. या लोकांना अक्कल नाही, सगळी ओळखीची माणसं घेतात, असं काय काय सुरू केलं. तिनं मध्येच थांबवलं. "नाही, काका. माझ्या वॉर्डातली हॅना आहे ना, तिला मिळाली. चांगली आहे ती. तिच्या हातात बाई घाबरत नाही." डोळे लाल होते तिचे, बसमध्ये रडली असणार. मग म्हणाली, "घरात बेसन आहे ना? उद्या तिला लाडू न्यायचे आहेत. काकू कसं करायच्या?"

मी म्हटलं, "जिला जागा मिळाली, तिला लाडू? वेड लागलंय का तुला?"

"गोड नको द्यायला?"

मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. तूप जास्त झालं, बेसन थोडं करपलं, लाडू वळेनात. ती चमच्यानं वळायला लागली तेव्हा मी तिला बाजूला केलं आणि हात धुऊन स्वतः बसलो. शिव्या देत देत सगळे वळले. ती नुसती डबा धरून उभी होती.

ऑगस्टमध्ये तिला कार्डिफला काम मिळालं, तेही हंगामीच. बसस्टँडवर मी सांगितलं, "पुढच्या वर्षी अर्ज भर. पण ध्यानात ठेव, लाडू वाटल्याबद्दल तिथं कोणी जागा देत नाही."

"माहीत आहे, काका," ती बॅग चढवता चढवता म्हणाली. "पण हॅना दोन दिवस नुसती त्या लाडवांवरच जगली."