केबल काढणाऱ्या ताई

डॉ. वसुधाताई नेने यांची आणि माझी पहिली भेट झाली ती टेबलाखाली. पुण्याहून जर्मनीतल्या आखनला नुकताच आलेलो मी प्रयोगशाळेत प्राध्यापकांची चौकशी करत होतो. वायरींच्या गुंत्यातून आवाज आला, "मीच ती. आधी तो पाना दे."

ताईंनी आयुष्य वाहिलं ते सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओंना. हे रेडिओ पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलतात, त्यामुळे गोंगाट त्यांना गाठू शकत नाही. मात्र ऐकणाऱ्या रेडिओनेही नेमक्या त्याच क्षणी, त्याच ठिकाणी उडी मारायला हवी. जरा चुकला की संदेश गेलाच.

माझी पीएचडी एका प्रात्यक्षिकावर अडली होती. ते फसलं की प्रकल्प बंद आणि मी गाशा गुंडाळून पुण्याला. टेबलावर शेजारी ठेवलेले माझे दोन्ही रेडिओ तर एकही उडी चुकत नव्हते. शनिवारी दुपारी ताई आल्या, कौतुकाने पाहिलं आणि दोघांना एकच घड्याळ पुरवणारी केबल उपटली. थोड्याच वेळात पडद्यावर नुसता कचरा.

"अहो ताई, सोमवारी प्रात्यक्षिक पाहायला पाहुणे येणार!" मी जवळजवळ ओरडलोच.

"गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणून तर आज काढली. बाहेर रेडिओ एकमेकांपासून लांब असतात रे. तिथे केबल कोण लावणार?"

मला अस्सा राग आला! पण रविवारी ताई थालीपीठांचा डबा घेऊन हजर, सोबत इथल्या दह्याविषयी तक्रार. दिवसभर बसून आम्ही प्रत्येक उडीच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण घातली. ती ऐकली की दुसरा रेडिओ स्वतःच आपलं घड्याळ जुळवून घेई.

सोमवारी ताईंनी पाहुण्यांनाच विचारलं, दुसरा रेडिओ कुठे ठेवू? त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. रेडिओ तिकडे गेला, आणि संदेश येतच राहिला. ताई शांतपणे कॉफी पीत होत्या. प्रकल्प वाचला, मीही आखनला राहिलो. पाहुण्यांनी अभिनंदन केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काम याचं. मी फक्त केबल काढली."

आता मीही विद्यार्थ्यांच्या केबली काढतो आणि त्यांच्या शिव्या खातो. ताई साठीच्या झाल्या यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसत नाही. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या शंभरीला आम्ही नवं प्रात्यक्षिक मांडू. ताईंनी यावं, कौतुकाने पाहावं आणि पहिली दिसेल ती केबल उपटावी.