उघडं फाटक

एमेट सोबेकला बसवत नसे. त्याच्या बायकोने, लोरेटाने, खास त्याच्यासाठी झुलती खुर्ची आणून ओसरीवर ठेवली होती. समोर डोंगर, त्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं करडं माळरान आणि मधूनमधून मेस्किटची काटेरी झुडपं. दिवस मावळताना डोंगर जांभळा होई आणि लोरेटा नुसती बघत राही. एमेट खुर्चीत टेकायचा, दोन झोके घ्यायचा आणि उठायचा. पिकअपच्या चाकांतली हवा बघून यायचा. मग पाण्याच्या टाकीवर बोटाने ठोकून पाणी कुठवर उतरलंय त्याचा अंदाज घ्यायचा. मग पुन्हा खुर्ची.

"तुझ्यामागे कुणी हॉर्न वाजवतंय का?" लोरेटा विचारायची.

"तेच तर दुखणं आहे. कुणीच वाजवत नाही."

तीसेक वर्षं त्याने लॉस एंजेलिसमध्ये सिटी बस चालवली होती. सकाळी अंधारात डेपोतून निघायचं आणि दिवसभर माणसं चढवायची, उतरवायची. चढणाऱ्यांत कामावर निघालेल्या बायका असत, शाळेची पोरं असत, आणि भाडं न देता वर भांडणारेही असत. तो कधी कुणाशी फार बोलला नाही, पण इतक्या माणसांच्या मध्ये बसायची त्याला सवय झाली होती. निवृत्त झाला आणि पहिल्याच वर्षी घरमालकाने भाडं असं वाढवलं की पेन्शन येई आणि तशीच त्याच्या दारात जाई. त्यात लोरेटाचा खोकला. खिडकीखालून हमरस्ता जायचा आणि ती रात्र रात्र अंथरुणात उठून बसून खोकायची. चर्चमधल्या कुणीतरी ॲरिझोनातल्या लोबो फ्लॅटचं नाव काढलं. तिथे जमीन स्वस्त, माणसं मोजकी, हवा कोरडी. चाकांवरून आणून ठेवलेलं एक लांबट पत्र्याचं घर आणि भोवती एकरभर माळ इतक्या पैशांत मिळालं, की शहरात तेवढ्यात गाडी उभी करायलाही जागा मिळाली नसती.

महिनाभरात लोरेटाचा खोकला थांबला. तिने डब्यांतून मिरच्या लावल्या, पोस्टातल्या बाईशी मैत्री केली, आणि तिला गाढ झोप लागू लागली. एमेटची झोप मात्र उडाली. इतकी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. कान सारखे काहीतरी शोधत राहायचे.

दोघांत एक ठरलं होतं. एक वर्ष काढायचं. जूनमध्ये मुलगी, टेरी, आपली पोरं घेऊन येईल तेव्हा एमेटने हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हणाला तर टेरीच्या गॅरेजवरची खोली तयार होती. गॅरेजपासून हमरस्ता फार लांब नाही हे दोघांनाही माहीत होतं. लोरेटाने त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, आणि तिचं ते न बोलणंच एमेटला टोचत होतं.

लोबो फ्लॅटला प्रत्येकाच्या घरी पाणी नाही. जमिनीखाली आहे, पण इतकं खोल की विहीर खणणं कुणाला परवडत नाही. वस्तीत पोस्टाशेजारी एक जाडजूड नळ आहे; पिकअपवर टाकी चढवायची, तिथून भरून आणायची आणि घरच्या टाकीत सोडायची. तिथला जवळचा रस्ता डेल्फिना अर्विझूच्या कुरणातून जातो. रस्ता तिचा आहे, पण तिने आजवर कुणाला अडवलं नाही. तो बंद झाला तर डोंगराला वळसा घालून जायचं, आणि तेवढ्यात अर्धा दिवस गेलाच.

एमेट पाणी भरायला पहिल्यांदा आला तेव्हा नळावर हॉलिस भेटला. हा तांब्याच्या खाणीतला जुना माणूस. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून दोन माणसांचं बोलतो.

"तू तो बसवाला ना? ऐक. डेल्फिनाच्या रस्त्यावर दोन फाटकं लागतील. उघडं दिसलं तर उघडं सोड. बंद दिसलं तर उघडून जा आणि मागे बंद कर. एवढंच. आपलं डोकं वापरायचं नाही. इथे डोकं वापरणारी माणसं आली की गुरं मरतात."

एमेट हसला होता. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा इथला रामराम मात्र त्याला लगेच जमला. बसवाले एकमेकांना तसाच करतात. त्या एका बोटासाठी तो कधीकधी उगाचच एखादी फेरी मारून येई.

मग जून आला. आभाळ पांढरं पडलं, पत्रा दुपारी हात लावू देईना. टेरी आठवड्याने यायची होती. त्या सकाळी एमेट पाण्याला निघाला तो मनातल्या मनात बोलत. लोरेटा, मी प्रयत्न केला. नको, असं नको. लोरेटा, तुला इथे बरं वाटतं हे मला दिसतंय, पण... त्या "पण"च्या पुढे त्याची गाडी सरकत नव्हती.

पहिलं फाटक बंद होतं. उघडलं, पार केलं, बंद केलं. दुसरं सताड उघडं होतं आणि साखळीने मागच्या खांबाला अडकवलेलं होतं. तो पार झाला, थांबला, उतरला, साखळी सोडली, फाटक ओढून आणलं आणि कडी घातली. गाडीत बसून आरशात पाहिलं. मागे सगळं बंद. मग तो निघाला. पण... मला माणसं लागतात, लोरेटा. हां, हे बरं आहे.

पाणी भरून झाल्यावर पंपाचा पट्टा घ्यायला तो पुढे जवळच्या शहरात गेला, आणि परतताना डांबरी रस्त्याने वळसा घालून आला. टाकी भरलेली होती, त्यामुळे पुढे त्या वाटेने जायचं काही कारण पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूरवरून गुरांचं हंबरणं ऐकू येऊ लागलं. थांबेचना.

"ऐकतोयस का?" लोरेटा म्हणाली.

"ऐकतोय. वर्षभरात पहिल्यांदा इथे काहीतरी ऐकायला मिळतंय."

"हे काही बरं वाटत नाही मला."

त्यालाही वाटत नव्हतं. तो खुर्चीतून उठला, चाकांची हवा बघून आला, पुन्हा बसला. हंबरणं सकाळीही चालूच होतं, आता जरा घोगरं झालेलं.

न्याहारीला बसले असतानाच हॉलिसची गाडी धुरळा उडवत दारात आली. तो उतरलाही नाही, तिथूनच ओरडला.

"चल रे, मदतीला हात लागतील! डेल्फिनाची गुरं फाटकाशी अडकलीत. अलीकडचं तळं आटलं म्हणून तिने ती पलीकडच्या हौदावर जायला मोकळी सोडली होती, आणि कुणीतरी फाटक लावून गेलं!"

"कुणी?" लोरेटाने विचारलं.

"शहरातली शिकारी पोरं, दुसरं कोण! म्हातारी कुलूप घेऊन आलीये. रस्ता बंद म्हणते. सगळ्यांना बंद."

एमेटच्या हातात कॉफीचा कप होता. त्याच हाताला साखळीचा गरम स्पर्श आठवला. फाटकाचं कुरकुरणं आठवलं. आरसाही आठवला.

तो गाडीत बसला. हॉलिस वाटभर शिकारी पोरांचा उद्धार करत होता. एमेटच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो फार सोपा होता. रस्ता बंद झाला की दर खेपेला डोंगराला वळसा. या वयात ते किती दिवस जमणार? लोरेटाही हे समजून घेईल. हो-नाही काही म्हणावंच लागणार नाही, आणि जून संपायच्या आत ते टेरीच्या खोलीत असतील. फक्त तोंड बंद ठेवायचं.

फाटकाशी डेल्फिना उभी होती. सत्तरीची, बुटकी, डोक्यावर गेलेल्या नवऱ्याची हॅट. फाटक तिने जरासंच उघडलं होतं आणि काठीने गाईंना अडवून थोड्या थोड्या पलीकडे सोडत होती. एकदम सोडल्या असत्या तर हौदावर एकमेकींना तुडवून मेल्या असत्या. गाईंची पोटं खपाटीला गेली होती, जिभा बाहेर आल्या होत्या. कुंपणाच्या तारेला लागून एक म्हातारी गाय आडवी पडली होती. तिच्यावर माशा बसत होत्या आणि ती कान हलवत नव्हती. खांबावर नवं कोरं कुलूप लटकत होतं.

"या," डेल्फिना म्हणाली. "बघा तमाशा."

"त्या पोरांना एकदा माझ्या हाती..." हॉलिसने सुरुवात केली.

"पोरं नव्हती," एमेट म्हणाला. "फाटक मी लावलं."

हॉलिसने आपला चांगला कान पुढे केला. "काय म्हणाला?"

"मी लावलं, डेल्फिनाबाई. परवा सकाळी."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही; एक वासरू घुसू बघत होतं, त्याला काठीने मागे लोटलं. "तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"सवय. दार लावल्याशिवाय मी कधी गाडी हलवलीच नाही. उतरलो, लावलं, आरशात बघितलं आणि निघालो. लक्षसुद्धा नव्हतं."

आता तिने पाहिलं. "म्हणजे माझी सगळी माणसं खाली स्टॉपवर उभी, आणि तू दार लावून निघून गेलास."

एमेटला तोंड वर करवेना. इतक्या वर्षांत डेपोत त्याच्या नावाने तक्रारी आल्या होत्या. उशीर झाला, ब्रेक जोरात मारला, उर्मट बोलला. पण माणूस दाराशी असताना दार लावलं, ही तक्रार एकदाही आली नव्हती.

"त्या गाईचे पैसे..." तो म्हणाला.

"ते मागाहून. हौद आटत आलाय. मोटर एवढ्यांना पुरत नाही. तुझ्या गाडीवरची ती टाकी शोभेची आहे का?"

टाकी शोभेची नव्हती. हॉलिसने त्याला घरी सोडलं, तिथून त्याने पिकअप काढली आणि नळावर गेला. भरली, आणली, हौदात ओतली, पुन्हा गेला. दिवस चढला तसा स्टिअरिंगला हात लावण्यासाठी फडकं घ्यावं लागू लागलं. हौदाभोवती गाई ओळीने माना घालून पीत होत्या; एक लालसर तपकिरी गाय दर खेपेला त्याची गाडी थांबायच्या आत पुढे येऊन उभी राही आणि त्याच्याकडे असं बघे की जणू त्याला उशीरच झाला होता. दुपारी लोरेटा घमेलंभर घेवड्याची उसळ आणि टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, घेऊन आली. त्याने गाडीतच उभ्याउभ्या दोन घास खाल्ले.

"बस की जरा," ती म्हणाली.

"एक खेप मारून येतो."

उन्हं कलली तेव्हा गाई पांगल्या होत्या. हॉलिसने साखळी लावून मेलेली गाय ओढून नेली. डेल्फिना हौदाच्या कठड्यावर बसली होती, गुडघा चोळत. एमेट खांबावरच्या कुलपाकडे बघत होता.

"घे ते," ती म्हणाली.

"लावायचं?"

"घरी ने. रस्ता बंद करायची वेळ परत आली, तर कुलूप तू लावायचं, आणि मग घरोघरी जाऊन सगळ्यांना सांगायचंही तूच. म्हातारीने केलं म्हणून मला शिव्या नकोत." मग म्हणाली, "माझ्या गुडघ्याने आता रोज इथवर येववत नाही. पाऊस पडेपर्यंत सकाळी हौद तू बघायचा. हौद भरला की पाणी बंद करणारं ते तरंगतं भांडं अडकलं तर सोडवायचं, गाई मोजायच्या, आणि येऊन मला सांगायचं."

"पाऊस कधी येतो इकडे?"

"त्याची मर्जी. जुलैत. नाहीतर ऑगस्टात. ड्रायव्हरसाहेबांना घाई आहे का?"

घाई होती. टेरी शनिवारी येणार होती. तरी कुलूप त्याने खिशात टाकलं. ते जड होतं आणि अजून उन्हाने गरम होतं.

टेरी आली. पोरांनी मिरच्यांचे डबे पाडले, सरड्यामागे धावून झालं. जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले तेव्हा टेरीनेच विषय काढला.

"मग बाबा? ठरलं का? खोलीला रंग लावून घेतलाय मी."

लोरेटा पोराच्या पायातला काटा काढत होती. तिने मान वर केली नाही, पण चिमटा जागीच थांबला.

एमेट खुर्चीत होता. एक झोका घेतला, दुसरा घेतला. "पाऊस पडेपर्यंत मला हलता यायचं नाही," तो म्हणाला. "हौद बघायचा असतो."

"कुठला हौद?"

"आहे एक. डेल्फिनाबाईंचा."

"आणि पाऊस पडल्यावर?" हे लोरेटाने विचारलं.

"पडल्यावर कळेल," तो म्हणाला आणि उठला. "चाकांत हवा आहे का बघून येतो."

"आहे," लोरेटा म्हणाली. "मघाशीच बघितलीस." पण तिचा चिमटा पुन्हा चालू झाला होता, आणि काटा निघाल्यावर पोरगं ओरडलं तेव्हा ती हसली.

सकाळी टेरी उठायच्या आत तो निघाला. पहिलं फाटक बंद होतं, ते मागे बंद केलं. दुसरं उघडं होतं, साखळीने खांबाला अडकवलेलं. तो त्यातून पार झाला आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. हात दाराच्या मुठीवर होता. आरशात मागचं फाटक सताड उघडं दिसत होतं, आणि त्यातून ती तपकिरी गाय सावकाश चालत येत होती.

त्याने हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. वळण येईपर्यंत तो आरशात बघतच होता, आणि वळणापर्यंत फाटक लावायला त्याचा हात शिवशिवत राहिला.