खुलासेकाकू आणि चारशे सतरा नंबरची बस

रोज सकाळी चपला घालता घालता खुलासेकाकू नवऱ्याला विचारायच्या, "आज पाऊस येईल का हो?" काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ठणकावून सांगायचे, "अजिबात नाही!" मग काकू निमूटपणे खुंटीवरची छत्री घ्यायच्या.

काका आयुष्यभर चारशे सतरा नंबरच्या बसवर कंडक्टर होते. माणूस लोण्याचा, पण 'मला ठाऊक नाही' म्हणायला जीभ वळायची नाही. कुणी पत्ता विचारला, की त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून कुठलातरी रस्ता दाखवून मोकळे व्हायचे. त्यांच्या भरवशावर किती जण उलट्या दिशेला गेले, देव जाणे.

काकूंचं काम बरोब्बर उलट. शिलाई मशीन, पंखे, पाण्याचे पंप, सगळ्यांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका त्या लिहीत. पानाच्या तळाशी एखादा खुलासा असायचाच, त्यावरूनच हे नाव पडलं. आणि उदाहरणादाखल दिलेला नमुना खरा वाटला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. खोटा वाटला की वाचणारा पान उलटतो, असं त्या म्हणत.

साठी जवळ आल्यावर एका छोट्या कचेरीतलं काम मिळालं. शेअर बाजारातले भाव आणून देणारं एक साधन तिथे तयार होत होतं. ते वापरणार होते एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने कामं करणारे प्रोग्रॅम. एजंटाने काकूंचं पान वाचायचं, साधनाला कंपनीचं नाव द्यायचं आणि आलेला भाव मालकाला सांगायचा. आजवर काकूंचं लिखाण माणसं वाचत नसत. आता यंत्र वाचणार, तेही अक्षर न् अक्षर! काकू खूश होत्या. फक्त साहेब अधूनमधून म्हणायचे, "अशी पानं आता यंत्रच लिहितं, काकू. पुढच्या महिन्याचं बघू."

त्या महिन्याच्या अखेरीस पहिला ग्राहक साधन बघायला येणार होता. त्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम लिहिणारी पोरगी गंमत म्हणून बंद पडलेल्या कंपन्यांचे भाव विचारत बसली होती.

"काकू, इकडे या. ह्या दोन कंपन्या जुळ्या आहेत का? दोघींचा भाव चारशे सतरा रुपये साठ पैसे!"

काकूंच्या हातातला कप तसाच राहिला.

"अगं, ती आमच्या ह्यांची बस आहे."

"काय?"

"पानावर नमुन्याचा भाव लिहायचा होता. मला तोच आकडा सुचला. बाजारातून काही आलं नाही, की हे यंत्र माझा नमुनाच उचलून सांगतंय."

"म्हणजे काकांची बस थेट शेअर बाजारात!" पोरगी हसली.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. हा स्वभाव त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. घरी त्यावर छत्रीचा उपाय होता. इथे कुणीतरी ह्या आकड्यावर विसंबून व्यवहार करणार होतं.

हे ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला. "दुपारी माणूस येतोय आणि हे आत्ता? बंद कंपन्यांचं कोण विचारतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकल्या मुठीत बस मावत नाही, साहेब."

"चूक कुणाची म्हणून वर सांगू? तुमचं नाव घेतलं, तर पुढच्या महिन्याचं विसरा."

काकूंनी जरा वेळ छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवलं. "माझंच घ्या. पण आधी ते पान उघडून द्या."

आकडा काढून त्यांनी तिथे लिहिलं, 'इथे भाव येईल'. तळाशी खुलासा टाकला: बाजारातून उत्तर आलं नाही, तर भाव मिळाला नाही असं सरळ सांगावं; स्वतःहून आकडा देऊ नये.

ग्राहक म्हणजे एक किडकिडीत दलाल. बसल्या बसल्या त्याने पहिलंच नाव घेतलं ते बुडालेल्या कंपनीचं. साहेबांनी डोळे मिटले. पडद्यावर उमटलं: 'ह्या कंपनीचा भाव मिळाला नाही.'

दलालाने खुर्ची पुढे ओढली. "कमाल आहे. काल दुसऱ्या एका साधनाने ह्या बुडालेल्या कंपनीचाही भाव ठोकून दिला होता मला. बरं, आता चालू कंपन्यांचे दाखवा."

साधन विकलं गेलं. काकूंना मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांचा खुलासा त्या पानाच्या तळाशी अजून तसाच आहे.

त्या संध्याकाळी कचेरीच्या जिन्यात पोरीने त्यांना गाठलं होतं. "काकू, ठेवतील ना हो तुम्हाला?"

"माहीत नाही, बाळा," काकू म्हणाल्या. "माझी छत्री राहिली बघ टेबलापाशी, तेवढी आण."