सगळा दोष भट्टीचा

दादाचं हृदय मी पडद्यावर पाहिलं, तेव्हा तो शुद्धीत होता. दादा माझा थोरला भाऊ, शिरोलीच्या एका फौंड्रीत, काळ्या वाळूचे साचे करणारा मोल्डर म्हणून उभं आयुष्य काढलेला. त्या सकाळी धाप थांबेना म्हणून आम्ही त्याला कॅज्युअल्टीत नेलं. ओठ निळे पडले होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छोटं सोनोग्राफी मशीन खाटेशेजारी ओढलं आणि प्रोब छातीवर फिरवायला घेतला. नर्स जिभेखाली गोळी ठेवायला निघाली होती, तिला त्यांनी अडवलं. "थांबा. ह्यांच्या हृदयाची झडप दगडासारखी झालीय, जेमतेम उघडतेय. ह्या गोळीनं रक्तदाब कोसळेल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दम लागणं, चक्कर येणं... कधीपासून होतं?"

काय सांगणार? कितीतरी वर्षं. पण आमच्याकडं दम म्हणजे काळ्या वाळूचा दम. शिफ्ट सुटली की फौंड्रीतली माणसं धूळ उतरावी म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकतात. दादा चांगला मोठा खडा टाकायचा. एकदा काम करता करता भोवळ येऊन पडला, तर सोबतचे म्हणाले, "भट्टीपुढं चक्कर येणारच की." छातीचा फोटो निघायचा, खोकल्याचं औषध मिळायचं. दादाही हसायचा. "लोखंडाचा धूर प्यालोय गड्या, दम लागंल न्हाय तर काय?" ह्या बोलण्याचं आम्हाला केवढं कौतुक होतं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

इतक्या वर्षांत कुणाला न दिसलेलं मिनिटभरात दिसलं, आणि उपयोग शून्य. ऑपरेशनची जुळवाजुळव चालू असतानाच दादा गेला. "आधी कुणी पाहिलं असतं तर झडप बदलता आली असती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. खरंच बोलल्या. पण ते खरं घेऊन मी जाऊ कुठं? रडूसुद्धा धड येत नाही.

परवा दादाची खोली आवरायला गेलो. त्याच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली भट्टीच्या जुन्या विटा आहेत. डोकं उंच असलं की झोप लागते म्हणून त्यानंच त्या लावल्या होत्या... आम्ही सगळे रोज बघत होतो. मी विटा काढायला वाकलो, तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी. सपाट झोपलं की ह्यास्नी गुदमरतंय."